पाळण्याचं अभ्यंगस्नान

मी तेव्हा तरुण होते. अडुसष्ट वर्षांची. अंगात रग होती, गुडघे अजून माझेच होते (पुढे बदलले), आणि मला येत नाही असं जगात काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. या वयात बाईच्या हातात ब्रश देऊ नये. पण दिला कोणी? तिनंच आणला, बाजारात जाऊन.

त्या बाईबद्दल लिहायला बसले आहे. बाई म्हणजे मीच; पण आता तिला इतकी वर्षं झाली की तिची-माझी फारशी ओळख राहिलेली नाही. त्यामुळे तिला नावं ठेवताना जीभ अडखळत नाही. स्वतःला नावं ठेवण्यात एक सोय असते, समोरचा उलटून बोलत नाही.

तर नात झाली. मुलगा जयपुरातच वाढला, लग्नही त्यानं जयपूरच्याच मुलीशी केलं. आम्ही मूळचे भुसावळकडचे. आमच्या यजमानांची रेल्वेत बदली झाली तेव्हा "दोन-तीन वर्षांत परत जाऊ" म्हणून निघालो होतो. परत जाता जाता प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं, त्यावर एक मजला चढवला, आणि यजमान निवृत्त होऊन गच्चीतल्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागले. सूनबाई मुरलीपुऱ्याची. तिच्या आईला मी तोंडावर "ब्याणजी" म्हणते, कारण इकडे विहिणीला तसंच म्हणतात; त्याही मला ब्याणजी म्हणतात. पाठीमागे मी त्यांना विहीणबाई म्हणते. पाठीमागे त्या मला काय म्हणतात हे मला अजून कळलेलं नाही. सूनबाईला माहीत आहे, पण ती सांगत नाही. चांगल्या घरची मुलगी आहे.

बाळंतपण मुरलीपुऱ्याला झालं. जलवा पूजन, म्हणजे बाळंतिणीनं विहिरीची पूजा करायची ती, विहीणबाईंनी थाटात केलं. विहीर नव्हती म्हणून पाण्याच्या मोटारीची केली, पण ढोल होता. त्यामुळे बारसं सव्वा महिन्यावर गेलं आणि ते आमच्याकडे करायचं ठरलं. बाळ-बाळंतीण आमच्याकडे आली, आणि त्यांच्या मागोमाग टेम्पोतून एक पाळणा आला. पांढराशुभ्र. वर जाळी, खाली पेटी, पेटीत सेल. विहीणबाईंनी बटण दाबलं तसा तो आपोआप हलू लागला आणि त्यातून कुणीतरी इंग्रजीत अंगाई म्हणू लागलं.

"देखो ब्याणजी, कोई झंझट नहीं. अपने आप झूलेगा."

"मग आजी कशाला हवी?" मी विचारलं. मराठीत विचारलं, अर्धंच कळावं म्हणून. त्यांना पूर्ण कळलं.

"आजी फोटो में खड़ी रहेगी," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी मी जाहीर केलं की बारसं आमच्या पाळण्यात होईल. आमच्या घराण्याच्या पाळण्यात. सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळेपासूनच्या सागवानी पाळण्यात.

"कोणता?" यजमानांनी विचारलं. "कांद्यांचा?"

इथे थोडा खुलासा करायला हवा. पाळणा खरोखरच जुना होता. दोन बाजूंना उभे खांब, वर आडवी दांडी, आणि दांडीला पितळी कड्यांनी टांगलेला. त्यात यजमान झोपले, त्यांचे भाऊ झोपले, माझा मुलगा झोपला. बदलीच्या वेळी मी म्हणाले होते, एवढं धूड कशाला न्यायचं, इथेच राहू दे. पण सासूबाईंनी तो सामानाच्या डब्यात स्वतः उभं राहून चढवून घेतला. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर मी त्यात कांदे ठेवू लागले. कांद्यांना चारी बाजूंनी वारा लागतो, सडत नाहीत, आणि एखादा दबलेला आहे का बघायचं असेल तर नुसता झोका द्यायचा. पुढे एका कोपऱ्यात लसूण आला. तर परंपरेबद्दल त्या बाईच्या मनात एवढा आदर होता. विहीणबाईंचा टेम्पो दारात लागला त्या दिवशी तो अचानक उफाळून आला.

सूनबाई बाळाला छातीशी धरून पाहणी करायला आली. ती मराठी बोलते, पण जरा घाबरत घाबरत, नव्या वाटेवर चालल्यासारखं.

"आईजी, हा खूप काळा आहे," ती म्हणाली. "मतलब, जरा भीती वाटते. आणि वास येतो."

"तो कांद्याचा. धुतला की जाईल. आणि रंग मी करते."

"रंगाचा वास राहिला तर मी हिला नाही ठेवणार त्यात. बारसं असलं तरी नाही. आधीच सांगते."

सूनबाईचं नाक हे आमच्या घरातलं वरिष्ठ न्यायालय. बंद फ्रिजमधल्या दह्याचं वय ती बाहेरून सांगते.

आता टवाळी बाजूला ठेवून एक सांगते. मला ती पोर त्याच पाळण्यात निजायला हवी होती, आणि ते नुसतं विहीणबाईंना हरवण्यासाठी नव्हतं. (नव्वद टक्के होतं.) घरात मुलगा बायकोशी हिंदी बोलायचा, टीव्ही हिंदी, भाजीवाला हिंदी, मी एकटी असताना चहा उतू गेला तर माझ्या तोंडून "अरे यार" निघायचं. मराठी माझ्यापुरती आणि यजमानांपुरती उरली होती, आणि यजमान मुळात बोलतात किती? ही पोरही हिंदीतच रडणार हे दिसत होतं. मग निदान तिचं नाव तरी तिच्या बापाच्या पाळण्यात, मराठीत ठेवलं जावं, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी बाई किती राबू शकते बघा.

यजमान म्हणाले, "सुताराला बोलव."

सुतार? फोन हातात असताना?

फोनवर एक दाढीवाला गोरा मुलगा लाकडाला रंग लावत होता. भिंतीला लावतात तसला नव्हे. लाकडाच्या आत मुरतो आणि रेषा दिसू देतो, तो. त्याला स्टेन म्हणतात. नात माझ्या खांद्यावर झोपली होती म्हणून मी आवाज बंद ठेवला. आवाज असता तरी त्याचं इंग्रजी मला किती कळलं असतं हा वेगळा प्रश्न. त्या बाईला तो पडला नाही. व्हिडिओ सुरू होताच तो मुलगा एका टेबलावर बाटलीतून तेल ओतून फडक्यानं चोळताना दिसला, आणि टेबल असं चमकलं की त्यात त्याची दाढी दिसली. मग घासणं आलं, पुसणं आलं, आणि शेवटी तपकिरी रंग. मला साक्षात्कार झाला. आधी तेल!

हे लोक शेवट आधीच दाखवून टाकतात, बघणाऱ्यानं पुढे बसून राहावं म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या वेळी गोष्ट सुरुवातीपासून सांगत.

पण खरं म्हणजे त्या मुलानं दाखवलं नसतं तरी मी तेच केलं असतं. दिवाळीला आधी तेल, मग पाणी. बाळंतिणीला आधी तेल, मग शेक. बाळाला रोज आधी तेल. नव्या तव्यालासुद्धा आधी तेलच. आमच्याकडच्या बाईला एखादी वस्तू आपली वाटली की पहिल्यांदा ती तिला तेल लावते. रंगाआधी तेल लावावं की नाही, हा विचार येण्यापुरतीही फट माझ्या डोक्यात नव्हती.

बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"भैया, वुड स्टेन द्या. अक्रोडी."

"पॉलिश, आंटीजी?"

"पॉलिश नहीं. स्टेन. पॉलिश ऊपर रहती है, स्टेन अंदर जाता है." हे ज्ञान मी डब्यावरच्या चित्रावरून तिथल्या तिथे मिळवलं होतं.

"तो रेगमाल भी ले जाइए. पहले घिसना पड़ेगा." रेगमाल म्हणजे आपला काचकागद.

"घिसने की जरूरत नहीं. हमारा सागवान है."

त्यानं हात जोडले. मला वाटलं, आदरानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पाळण्याचं अभ्यंगस्नान झालं. आधी कांद्याची सालं झाडली. मग कोमट खोबरेल घेऊन मी त्या लाकडाला असं चोळलं, असं चोळलं, की जिवंत असतं तर घोरू लागलं असतं. खांब, दांडी, फळ्या, कोरीव पानं, पानांच्या मधल्या खाचा. खोबरेल संपलं तेव्हा विहीणबाईंनी बाळाच्या मालिशसाठी पाठवलेलं सरसोंचं तेल घेतलं. त्यांचाही हात लागावा, तेवढी माणुसकी दाखवली. मग दिवाळीचं उरलेलं उटणं लावलं आणि पाळणा पाण्यानं धुतला, तशी बरीचशी काजळी जाऊन पिवळट लाकूड दिसू लागलं.

यजमान टाकीच्या सावलीतून बघत होते. "ओवाळायचं नाही का?" त्यांनी विचारलं.

मी ओवाळलं. ती बाई तशी होती. कुणी टोमणा मारला तर तो पूर्ण करून दाखवणारी.

मे महिन्यातलं जयपूरचं ऊन. दुपारपर्यंत पाळणा खडखडीत वाळला, म्हणजे पाण्यापुरता. तेल तर हक्कानं आत जाऊन बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला. काय सुंदर रंग होता! दाट, तपकिरी, ताज्या चिंचेच्या कोळासारखा. मी ब्रश बुडवला आणि डोक्याकडच्या फळीवर पहिला हात मारला. अळवावरच्या पाण्याचं नुसतं ऐकलं असेल. मी तेव्हा ते लाकडावर पाहिलं. रंग गोळा झाला, थेंब झाले, आणि थेंब सैरावैरा पळू लागले. जिथे तेल पोचलं नव्हतं तिथे मात्र तो अधाशासारखा आत घुसला आणि काळाकुट्ट झाला. पाच मिनिटांत फळीवर पिवळ्या अंगावर काळे ठिपके.

शहाण्या माणसानं तिथे थांबावं. तिनं दुसरा हात मारला.

तो दाढीवाला स्वतः लावलेला रंग लगेच फडक्यानं पुसत होता, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, बिचारा चुकला असेल, म्हणून पुसतोय. मी चुकत नव्हते, त्यामुळे मी पुसलं नाही. दुसरा हात वाळेना. वाळत नाही म्हणजे कमी पडला असणार, या तर्कानं तिसरा दिला. तो तर चिकटून बसला, गुळाच्या पाकासारखा. हात कोपरापर्यंत तपकिरी झाले. ओघळ खांबावरून पायाशी आले आणि गच्चीच्या फरशीवर त्यांचं तळं झालं.

डब्यात थोडा रंग उरला. विकत आणलेला रंग वाया कसा घालवायचा? मी खाली बसले आणि तो सगळा पाळण्याच्या तळाला खालून फासला, जाड, जिथे बसेल तिथे.

"खालून कशाला?" यजमान म्हणाले.

"उरलाय म्हणून. खालून कोण बघतंय?"

"हं," ते म्हणाले. आमच्या संसारात "हं" या शब्दानं मला जितक्या वेळा सावध केलं, तितक्या वेळा मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आहे.

दुपारी आंधी आली. आधी आकाश हळदीच्या रंगाचं झालं, मग शेजारच्यांचा पायजमा उडत गेला, आणि पुढच्या अर्ध्या तासात जगतपुऱ्याच्या बाजूची सगळी बांधकामं माझ्या पाळण्यावर येऊन बसली. मी चादर घेऊन धावले, चादरही चिकटली. ओढून काढली तेव्हा चादरीची लव पाळण्यावर राहिली. आता त्याला केसही होते.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. सूनबाईनं फोन केला असणार. चांगल्या घरची मुलगी असली तरी शेवटी आईची मुलगी. त्या गच्चीच्या दारातच थबकल्या. जयपूरच्या टेकड्यांतले बिबटे अधूनमधून वस्तीत शिरतात, इकडे त्यांना बघेरा म्हणतात. विहीणबाईंनी पाळणा नीट न्याहाळला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ब्याणजी, हिलना मत. आपकी छत पर बघेरा बैठा है."

"डिझाइन आहे," मी म्हणाले.

"किसकी?"

"माझी."

"वन विभाग वालों को दिखाया?"

टाकीच्या सावलीतून खोकला ऐकू आला. यजमान हसले की ते खोकल्यासारखं ऐकू येतं. आता सवय झाली आहे.

विहीणबाई जवळ आल्या. पाळण्याला बोट लावलं, बोट चिकटलं, ते सोडवून घेतलं, हुंगलं, आणि ओढणीचा पदर कमरेला खोचला. "मेरी दोहिती बघेरे में नहीं सोएगी," त्या म्हणाल्या. दोहिती म्हणजे लेकीची लेक. "रेगमाल कहाँ है?"

"नाही आणला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर करण्याची गरज नव्हती. यजमानांना दुकानात पिटाळलं. दुकानदारानं रेगमालाचा पुडा आणि थिनरची बाटली आधीच बांधून ठेवली होती म्हणे.

मग आम्ही दोघी घासायला बसलो. त्यांनी नाकावर ओढणी बांधली, मी पदर. दरोडेखोरच दिसत असू. थिनरनं पुसायचं आणि घासायचं, पुसायचं आणि घासायचं. विहीणबाई करपलेलं दुधाचं पातेलं घासावं तशा दात ओठ खाऊन घासत होत्या, आणि तोंड चालूच होतं.

"तेल किसने लगाया इस पर?"

"मी."

"क्यों?"

"लावतात."

"लकड़ी को?"

"आधी तेल, मग बाकी सगळं. आमच्यात पद्धत आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो फिर हमारे जमाईसा को भी तेल में डुबोकर ही भेजा था आपने. कोई बात उस पर टिकती ही नहीं."

जावयावर टीका करणारी विहीण मला पहिल्यांदाच आवडली. तो माझा मुलगा असला तरी.

संध्याकाळपर्यंत खांब स्वच्छ झाले, फळ्या पिवळसर निघाल्या. तळाकडे कोणी पाहिलं नाही. डोक्याकडची फळी शेवटी घेतली. तिथले काळे ठिपके गेले, पण लाकडात लालसर खुणा दिसू लागल्या. लंबगोल, पाच-पाचच्या ओळीत, एकीखाली एक. घासल्या, तर आणखी स्पष्ट झाल्या.

मला आठवलं. सासूबाई बाळाला पाळण्यात ठेवण्याआधी पाळण्याला कुंकवाची पाच बोटं लावत. कोरडं कुंकू झडून जातं म्हणून त्या ते तेलात कालवत. ही यजमानांची, ही दिरांची, ही सर्वांत खालची माझ्या मुलाची. तेल लाकडात मुरलं आणि कुंकवाला घेऊन गेलं. एवढी वर्षं ती बोटं माझ्या कांद्यांच्या उशाशी होती आणि मला दिसली नव्हती.

मी हे सांगितलं, मोडक्या हिंदीत. विहीणबाईंचा हात थांबला.

"ये तो थापे हैं," त्या म्हणाल्या. लग्न झालेली मुलगी सासरी निघताना माहेरच्या भिंतीवर हाताचा ठसा उमटवून जाते, त्याला इकडे थापा म्हणतात. "बाई का थापा है हमारे घर में," म्हणजे सूनबाईचा. "घर की पुताई होती है ना, तो उतनी जगह छुड़वा देती हूँ. पेंटर हर बार लड़ता है मुझसे."

 काचकागद त्यांनी बाजूला ठेवला. "इसको मत घिसो," एवढंच म्हणाल्या.

मला गहिवर येऊ लागला होता, पण तेवढ्यात लक्षात आलं, हयात असताना सासूबाईंनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. ती पाच बोटं अशी जपून ठेवली होती आणि नेमकी विहिणीसमोर उमटवली.

बारशाचा दिवस आला. पाळणा धुऊन, वाळवून, हॉलमध्ये आणून उभा केला. साधा, पिवळा, थोडा खरबरीत, पण माणसांत बसण्यासारखा. रंग जवळजवळ नव्हताच. ज्या अक्रोडी रंगासाठी मी एवढा घाट घातला तो पुसून काढायला दोन बायकांनी जिवाचं रान केलं होतं. सूनबाई आली, वाकली, आणि न्यायालयानं हुंगलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

"नाही, आईजी," ती म्हणाली. "थिनर. अजून आहे."

"अगं, खिडक्या उघडू. पंखा लावू."

"आईजी, ती एवढीशी आहे."

 ती एवढीशीच होती. माझ्या तोंडाशी "पण बारसं आहे" आलं होतं. ते मी गिळलं. माझ्या आयुष्यात मी गिळलेली वाक्यं मोजायला फार वेळ लागणार नाही. त्यातलं हे एक. पोर पांढऱ्या पाळण्यात गेली. विहीणबाईंनी बटण दाबलं. माझ्याकडे न बघता त्या जाळी सारखी करत बसल्या, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

मग शेजारच्या दोघी-तिघी मराठी बायका जमल्या आणि घोळ सुरू झाला. बारशाला बाळ पाळण्याच्या खालून एका बाईनं द्यायचं, दुसरीनं पलीकडून घ्यायचं, मग वरून परत द्यायचं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पण त्या पांढऱ्या पाळण्याच्या खाली सेलची पेटी. त्याच्या खालून बाळ सोडा, केरसुणीही जात नव्हती.

सगळ्यांची नजर माझ्या पाळण्याकडे गेली. तो उंच टांगलेला, खाली मोकळी जागा. मी छताकडे पाहत उभी होते. मी काही सुचवलं नाही. सुचवायची गरज पडू नये याची काळजी देव घेत होता.

सूनबाईनं विचार केला. "नुसतं खालून-वरून? थांबवायचं नाही?"

"नुसतं खालून-वरून," मी म्हणाले.

"पटकन."

"वाऱ्यासारखं."

मी एका बाजूला, विहीणबाई दुसऱ्या बाजूला. बारशासाठी त्यांनी बापू बाजारातून नवी लहेरियाची ओढणी घेतली होती, लाल-पिवळ्या लाटांची, आणि ती डोक्यावर घेतली होती. मी "कुणी गोविंद घ्या" म्हणत बाळ खालून पुढे केलं. बाळाला घ्यायला विहीणबाई पार आत वाकल्या, डोकं तळाखाली घालून, आणि "गोविंद" म्हणून पोर अलगद घेतली. सरळ उभ्या राहिल्या. वरून मला परत दिली. बायका टाळ्या वाजवू लागल्या आणि मग एकेकीच्या टाळ्या थांबल्या.

विहीणबाईंच्या डोक्यावर, ओढणीच्या बरोबर मध्ये, परातीएवढा तपकिरी डाग होता. तळाला जाड फासलेला तो रंग. वर आंधी आली तरी खाली धूळ पोचली नव्हती, आम्ही घासलं तेव्हा तिथे कोणी पाहिलं नव्हतं, आणि तो तिथे ओलाच दबा धरून बसला होता. काय रंग बसला होता म्हणून सांगू! एकसारखा, खोल, कडेपर्यंत. ओढणीच्या लाटा त्यातून दिसत होत्या, अगदी त्या दाढीवाल्याच्या टेबलावर लाकडाच्या रेषा दिसत होत्या तशा.

विहीणबाईंनी ओढणी उतरवली. अंगठ्यानं डाग घासला. जाईना. उजेडात धरून पाहिला. हॉलमध्ये नुसती इंग्रजी अंगाई चालू होती.

"ब्याणजी," त्या म्हणाल्या, "रंग तो पक्का निकला."

"ओढणीला आधी तेल लावलं नव्हतं ना," मी म्हणाले.

विहीणबाई आधी हसल्या, मग सूनबाई, आणि मागून तो खोकला. नातीच्या कानात मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मराठीत सांगितलं. ती दचकून रडली. हिंदीत की मराठीत, ते नीट कळलं नाही.

पाळणा पुन्हा गच्चीवर गेला. जूनची लू, म्हणजे तापल्या वाऱ्याची झळ, त्याला लागली, सगळा उन्हाळा त्यानं उघड्यावर काढला. तळ मी उताणी पडून घासला, आणि उताणी पडलेल्या मला उठवायला यजमान आले. सूनबाई दर आठवड्याला वर येऊन हुंगायची आणि मान हलवायची. श्रावणात एक दिवस तिनं हुंगलं आणि मान हलवली नाही.

त्याच आठवड्यात मुरलीपुऱ्याहून एक पिशवी आली. आत छोटी गोधडी, हातानं शिवलेली, बारीक टाक्यांची. वरचं कापड लहेरियाचं. डाग कापून टाकता आला असता, कडेला दुमडता आला असता. विहीणबाईंनी तो बरोबर मधोमध ठेवला होता, मला विसर पडू नये म्हणून.

ती गोधडी अंथरली, तेल न लावता, आणि सासूबाईंच्या ओळींखाली कुंकवाची पाच बोटं उमटवली. (कुंकू मात्र तेलात कालवलं. काही गोष्टी बाईला शिकवता येत नाहीत.) नात तोपर्यंत एवढी वाढली होती की एक पाय फळीच्या बाहेर राहायचा. पण झोपली. दुपारभर झोपली, त्या डागावर गाल टेकून.

आता ती शाळेत जाते, आणि पाळण्यात तिच्या बाहुल्या झोपतात. कांदे टोपलीत असतात, लवकर सडतात. गोधडी इतक्यांदा धुतली की लहेरियाच्या लाटा आता जेमतेम ओळखू येतात. अक्रोडी डाग होता तसा आहे. कुठे ठिपका नाही, कुठे ओघळ नाही. ती गच्चीवर वाळत घातली की यजमान टाकीच्या सावलीतून तिच्याकडे बराच वेळ बघत बसतात.

"हात चांगला आहे हो तुझा," ते म्हणतात.